सोमवारी बनलेली गाडी

प्रिय गेनेक,

तुझे फोन येतात ते मला ऐकू येतात. कान शाबूत आहेत माझे. मुद्दामच उचलत नाही. फोनवर मी तोंड उघडलं की तू 'आई, आधी शांत हो बघू' म्हणतोस आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. मला शांत व्हायचं नाहीये. मला तुझ्यावर रागवायचंय, पोटभर, मध्ये कुणी न बोलता. म्हणून कागद घेऊन स्वयंपाकघरात बसलेय. उद्या सकाळी टपालात टाकलं की तू निघायच्या आत पोचेल. हे वाचल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नकोस.

पुढच्या शनिवारी तू आणि केंड्रा इथे डेट्रॉइटला उतरणार, गॅरेजमधून तुझ्या बापाची जुनी जांभळी गाडी बाहेर काढणार आणि बाप-लेक मिळून ती चालवत चालवत थेट ॲरिझोनाला नेणार. वाटेत डोंगर, वाळवंट, फोटो. नातीला सतरावं लागलं म्हणून वाढदिवसाची भेट म्हणे! हे तू मला विचारलं नाहीस, कळवलंस. तर पहिल्याच पानावर लिहून ठेवते: जांभळी तुला मिळणार नाही. चालवायलाही नाही आणि केंड्राला द्यायलाही नाही. 'बाबांची गाडी आहे, माझा हक्क आहे' असं तू मागच्या फोनवर म्हणालास. हक्काच्या गोष्टी माझ्याशी करू नकोस. त्या गाडीच्या सीटांवर मी या हातांनी कव्हरं चढवलीत. कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बायका रांगेत उभ्या राहून स्प्रिंगांवर कापड ताणायचो आणि पक्कडीनं तारेच्या कड्या आवळायचो. उजव्या हाताचा अंगठा अजून सरळ होत नाही माझा. हक्कच काढायचा तर तुझा नंबर बराच मागे लागतो.

आता मे महिन्यातल्या तमाशाबद्दल. त्या रविवारी चर्च सुटलं, आम्ही सगळ्या म्हाताऱ्या पायऱ्यांवर गप्पा मारत होतो, आणि तू ती नवी गाडी घेऊन आलास. तेच नाव, ब्रिगँड. तोच जांभळा रंग. टपावर लग्नातल्यासारखी पांढरी फीत. सगळ्या चर्चमंडळीसमोर माझ्या हातात किल्ली ठेवलीस आणि भाषण सुरू केलंस. ताकद जुनीच्या दुप्पट, ब्रेक असे, एअरबॅगा तशा, शेवटच्या खेपेतली गाडी, आता ही बनणं बंद. मी नवी चालवावी, जुनी तू घेऊन जाणार, हेही तिथेच जाहीर करून टाकलंस. तुझ्या बापाचा दोस्त वॉल्ट शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आयरीन, ही गाडी आहे की जांभळा फ्रीज?" सगळे हसले. तू नाही हसलास. तू टपावर थाप मारलीस आणि म्हणालास, "बाबांची गाडी हिच्या मागून धूर खात येईल." आणि तुझा चेहरा मी बघितला. तू माझ्याकडे बघतच नव्हतास रे. सबंध चर्चमध्ये जो एक माणूस आता नाही, त्याच्याकडे बघत होतास. तेव्हाच मला कळलं, ही गाडी माझ्यासाठी आणलेली नाही. मेलेल्या बापाशी लावलेली शर्यत आहे ही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चर्चच्या दारात मी तोंड बंद ठेवलं.

आणि असं समजू नकोस की म्हातारीला नव्यातलं काही कळत नाही. उन्हाळाभर चालवलीय मी ती. खरं सांगू? चांगली आहे. लिहिताना हात जड होतोय, पण खोटं कशाला लिहू. ब्रेकवर पाय ठेवला की जागच्या जागी उभी राहते. जांभळीला ब्रेक मारायचा म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं, मग पाय दाबायचा, मग ती तिच्या सवडीनं थांबणार. नवीचं स्टीअरिंग वळवू तिकडे जातं. जांभळीला नुसतं सुचवायचं, ती विचार करून काय ते ठरवणार. आणि नवीची सीट गरम होते. आता ऑक्टोबरात सकाळी बेकरीत जाताना कंबर अशी छान शेकते की बेकरी आली तरी उतरावंसं वाटत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, विशेषतः वॉल्टला.

पण तिची खोडही सांगते. बाहेरचं काही धड दिसत नाही, खिडक्या आहेत की टपालपेटीच्या फटी? बॉनेट कुठे संपतं पत्ता नाही. दार ओढायला दोन माणसं लागतात. आणि सतत टुणटुण, टुणटुण: पट्टा लावा, दार लावा, मागे कुणीतरी आहे. सासूला शेजारी बसवून फिरल्यासारखं वाटतं. किल्ली म्हणे पर्समध्येच ठेवायची आणि बटण दाबायचं. यात मजा काय? जांभळीला थंडीत दोनदा पाय दाबून जागं करायचं, किल्ली फिरवायची, नाही झाली सुरू तर एक पोलिश शिवी द्यायची, मग ती खोकणार, मग अशी गरजणार की शेजारची कुत्री भुंकायला लागणार. काचा खाली केल्या की चारही बाजूंनी आकाश. पेट्रोलचा वास आठवडाभर केसांतून जायचा नाही. बावीस वर्षांची होते मी. त्या वासात काय काय होतं ते तुला लिहिण्यासारखं नाही, तू मुलगा आहेस माझा.

मग भांडण कशाचं, असं तू म्हणशील. नवी आवडली तर नवी घे आणि जुनी दे. इतकं सोपं असतं तर मी दोन कागद काळे केले असते का?

ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा झाला, त्या दिवशीची गोष्ट ऐक. दर वर्षीसारखं मी आणि वॉल्टनं सकाळीच जाऊन रस्त्याकडेला जागा धरली, घडीच्या खुर्च्या मांडल्या, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड काढलं. मागे तुझी नवी गाडी उभी. समोरून सगळं आमचं तारुण्य हळूहळू धूर सोडत चाललेलं. एक ओहायोचा माणूस थांबला, नवीकडे बघून म्हणाला, "रंग झकास, पण जुनीची सर नाही." झालं! वॉल्टच्या अंगात आलं. छाती काढून म्हणाला, "आमच्या चेस्टरची, हिच्या नवऱ्याची, जुनी आहे, हाच रंग. तिचा सांगाडा मी जोडलाय, या हातांनी. त्या वेळी माणसं गाड्या बनवायची साहेब, रोबो नाही. म्हणून पन्नास वर्षं टिकली." ओहायोवाला टोपी काढून त्याच्याशी हात मिळवायला लागला. माझ्या हातात सॅलडचं भांडं होतं. ते वॉल्टच्या डोक्यावर उपडं करावं असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की मी भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. एवढंच विचारलं, "वॉल्ट, आमची गाडी बनली त्या दिवशी तू होतास कुठे?" तर म्हणतो कसा, "कुठे म्हणजे? कामावरच असणार की!" विसरलाय मेला. खरंच विसरलाय. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, मी बघितलं.

तो कुठे होता ते मी विसरलेले नाही. आणि आता ते तुलाही कळायला हवं, म्हणून जरा मागे जाते.

गाडीचा हट्ट माझा होता. नवं लग्न, दोघं कमावते, आणि मला जांभळीच हवी होती. तुझ्या बापानं कारखान्यातच नाव नोंदवलं. आपल्यातला रिवाज तुला ठाऊक नसेल, तू शाळेत असतानाच तो कारखाना बंद पडला. लाइनवरच्या माणसाची स्वतःची गाडी यायची असली की ती खबर आधीच सगळीकडे फिरायची. "पोरांनो, चेस्टरची येतेय!" मग तिला प्रत्येक जण जास्त जीव लावायचा. एरवी तीन बोल्ट आवळणारा तिथे चौथा आवळायचा. रंगवाले एक हात जास्त मारायचे. कुणीतरी दारावर खडूनं काहीतरी चावट लिहायचं. साहेबांच्या गाड्यांपेक्षा आमच्या गाड्या चांगल्या बनायच्या, कारण त्या आमच्या असायच्या. तुझा बाप सांगाड्याच्या विभागात वेल्डिंगला होता आणि त्याच्या पुढच्याच जागेवर वॉल्ट. वॉल्टनं छाती ठोकून सांगितलं होतं, "तुझ्या गाडीचा एक टाका मी कच्चा सोडणार नाही." पण मला गाडी ख्रिसमसच्या आत हवी होती, म्हणून मी चेस्टरच्या डोक्यावर मिरे वाटले, त्यानं ऑफिसातल्या माणसाच्या हातापाया पडून तारीख अलीकडे आणून घेतली. आणि तारीख घेताना या शहाण्यानं कॅलेंडर बघितलं नाही.

नोव्हेंबरातला सोमवार. आदल्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला. मिशिगनमध्ये जन्मलेला माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल पण तो दिवस विसरणार नाही, आणि तुझा बाप विसरला! तो शिकारीला कधी जायचा नाही ना, रक्त बघवायचं नाही त्याला. त्या सोमवारी अर्धा कारखाना जंगलात होता. लाइन मात्र थांबायची नाही. झाडूवाल्यांना, गोदामातल्या माणसांना, जो हाती लागेल त्याला उभं केलेलं. आणि आमची जांभळी नेमकी त्या दिवशी आली. वॉल्टच्या जागेवर रंगाच्या गोदामातला एक माणूस होता. छतापासून लटकणारी ती वेल्डिंगची अवजड गन त्या बिचाऱ्यानं जन्मात कधी धरली नव्हती. पुढच्या चाकांचा भार ज्या आडव्या पट्टीवर येतो ती पट्टी सांगाड्याला जोडायचं काम. तुझा बाप शेजारून बघत होता. टाके कुठे पडलेच नाहीत, कुठे पत्रा जळून भोकं. तो ओरडला. फोरमन आला, बघितलं, आणि म्हणाला, "चेस्टर, लाइन पुढे चाललीय, पुढे बघ. शिकारीच्या दिवशी गाडी मागवायला तुला कुणी सांगितलं होतं?" मी वरच्या मजल्यावर माझ्या सीटांवर कव्हरं चढवत होते आणि मैत्रिणींना सांगत होते की खाली माझी गाडी बनतेय. वॉल्टनं शुक्रवारी येऊन हरणाचं मांस दिलं. ख्रिसमसला आम्ही त्याचंच सॉसेज खाल्लं.

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की नवऱ्याला गाडीचं वेड लागलंय. गाडी घरी आल्याबरोबर तो तिच्याखाली शिरला तो आयुष्यभर. सगळं त्यानं गॅरेजमध्ये पुन्हा जोडलं, पुन्हा वेल्डिंग केलं. पण एकदा जळलेला पत्रा तो जळलेलाच, तिथे ठिगळाशेजारी नवी चीर यायची. दर वसंतात, बर्फ वितळला की, दिवा घेऊन खाली. तू लहानपणी गॅरेजच्या दारात उभा राहून त्याच्या बुटांशी बोलायचास, आठवतं? शाळेतलं काय काय सांगायचास आणि खालून 'हं' यायचं. जेवताना तू एकदा मला म्हणालास, "बाबांना मी गाडी असतो तर बरं झालं असतं." मी हसण्यावारी नेलं होतं ते.

आणि मग तुझ्या शाळेचा तो नाचाचा कार्यक्रम. तू सतरा वर्षांचा, भाड्याचा कोट घालून, केस चापून, अंगणात उभा. तुझे दोन मित्र दारात, ती टेरेसा की कोण ती गाडीत बसायची स्वप्नं बघत तिच्या घरी थांबलेली. तू म्हणालास, "बाबा, फक्त आजची रात्र." आणि तुझ्या बापानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मी जिवंत आहे तोवर तू त्या गाडीत बसायचं नाहीस." तू विचारलंस, "का? मी काय तिला ठोकणार आहे? माझ्यावर भरवसा नाही तुमचा?" त्यानं नुसती माझ्या जुनाट गाडीची किल्ली पुढे केली, ती तपकिरी, मागे किराणा सामान ठेवायची. तुझे मित्र खोकल्याचं सोंग करून हसले. तू किल्ली घेतलीस आणि त्या दिवसापासून या घरात पाहुण्यासारखा राहिलास. कॉलेज दूर, नोकरी दूर, लग्न दूर. बापाच्या अंत्यविधीला आलास तेव्हा बाकीचे सगळे बाहेरच्या खोलीत शवपेटीजवळ होते आणि तू गॅरेजमध्ये होतास. गाडीजवळ उभा होतास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तुला.

त्या नाचाच्या संध्याकाळी तू गेल्यावर मी तुझ्या बापाला तळघरात गाठलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. "पोराची अब्रू काढलीस, लोखंडाच्या डबड्यासाठी!" असलं बरंच. तेव्हा त्यानं मला सांगितलं. सोमवार, शिकार, तो गोदामातला माणूस, सगळं. मी म्हटलं, मग हे त्याला सांग! आत्ताच्या आत्ता सांग! तर तो मला म्हणाला, "नाही. आणि तूही नाही सांगायचंस. शपथ घे." का, ते आता मला कळतं, पण अजून पटत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा वर्तमानपत्रांत काय काय छापून यायचं ते तू वाचायचास का? डेट्रॉइटचे कामगार आळशी, दारुडे, भंगार बनवतात, म्हणून लोक जपानी गाड्या घेतात. टीव्हीवर कोट घातलेली माणसं आमच्यावर हसायची. चेस्टर त्या सगळ्यांशी भांडायचा, बारमध्ये, चर्चमध्ये, तुझ्या मामाशी तर मारामारीपर्यंत गेला होता. "आम्ही बनवलेली गाडी माझ्या दारात उभी आहे, या बघायला," म्हणायचा. आणि त्याच्याच दारातली गाडी अशी! आपलेच दात, आपलेच ओठ. वॉल्टला सांगितलं असतं तर वॉल्ट त्या दुःखानंच मेला असता. विकावी म्हटलं तर, "दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात बांधू?" मोडीत काढावी तर सगळी गल्ली विचारणार, का? म्हणून तो गप्प बसला, गाडी गल्लीतून आणि मेळ्यातून हळूहळू फिरवत राहिला, आणि तू त्याच्यापासून तुटलास ते बघत राहिला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. रोज रागावते. कबरीवर फुलं ठेवते आणि म्हणते, चेस्टर, तू गाढव होतास.

आता तू म्हणशील की हे सगळं जुनं झालं, गाडी इतकी वर्षं चालली, पुढेही चालेल. मला ठाऊक होतं तू हेच म्हणणार. म्हणून गेल्या आठवड्यात तुझा फोन आल्यावर मी शेजारच्या जलालला बोलावलं. शाहिदाचा नवरा, गाड्यांच्या दुरुस्तीचंच काम करतो तो. त्याला काही सांगितलं नाही, म्हटलं, सहज एकदा खाली बघ. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "मावशी, हिला गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेऊ नका. पट्टी एका बाजूनं सुटलीय, पंजा जाईल एवढी चीर आहे. हमरस्त्यावर पुढचं चाक आत दुमडलं तर आतला माणूस गेला." मी त्याला चहा विचारायचं पण विसरले. तुझा बाप गेल्यापासून खाली कुणी बघितलंच नव्हतं ना. तू केंड्राला त्या सीटवर बसवून, कमरेला नुसता एक पट्टा बांधून, डोंगर उतरणार होतास. रात्रभर मला ती सीट दिसत होती. मी कव्हर चढवलेली सीट.

म्हणून मी शपथ मोडलीय. चेस्टरला जे म्हणायचं ते तो मला वर भेटल्यावर म्हणेल, मीही तयारीत जाणार आहे. तू शनिवारी ये. केंड्राला आण. नवी गाडी घेऊन जा दोघं, डोंगर बघा, वाळवंट बघा, ती चांगली बनलीय, कॅनडात कुणीतरी नीट हातानं बनवलीय, आणि माझी कंबर मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकेन. जांभळीचं काय करायचं ते आपण तिघं मिळून ठरवू, वॉल्टला न कळता. पण गेनेक, हे पत्र मी गाडीसाठी लिहिलेलं नाही, आणि नुसतं तुमच्या जिवासाठीही नाही. तेवढं तर फोनवर दोन वाक्यांत झालं असतं. तू चर्चच्या दारात नसलेल्या बापाकडे ज्या नजरेनं बघितलंस त्यासाठी लिहिलंय. तुला वाटतं तुझ्या बापानं तुला नालायक ठरवलं. अरे वेड्या, नालायक ती गाडी होती. दर वसंतात तो तिच्याखालून बाहेर यायचा, फडक्याला हात पुसायचा, आणि मी काही विचारायच्या आत एकच वाक्य बोलायचा. तू ॲरिझोनाला गेल्यावरही, तुझं लग्न झाल्यावरही, केंड्रा झाल्यावरही, शेवटच्या वर्षी त्याला खाली झोपून पुन्हा उठता येत नव्हतं आणि मी हात धरून ओढून काढलं तेव्हाही, तेच वाक्य: "नाही आयरीन, गेनेकला देण्यासारखी नाही झाली अजून."

तुझ्यावर अजूनही चिडलेली,
तुझीच,
आई